खंडणी कुणी मागितली?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्ये मी काही वर्षं मुलांना शिकवायचो. एका रविवारी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय चालू होता. मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आलेला नाही, तर सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे, हे तिथलं वचन. चौथीतल्या एका पोराने हात वर केला. "सर, खंडणी तर गुंड मागतात ना? मग येशूकडे कुणी मागितली?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या वचनाकडे वळून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

त्या पोराची काही चूक नव्हती. 'बिल्डरकडून खंडणी उकळणारी टोळी गजाआड' असल्या मथळ्यांवरच आजची मुलं हा शब्द शिकतात. पेशवाईत खंडणी म्हणजे धाकात असलेल्या राजाने वा जहागीरदाराने भरायची रक्कम. मूळ ग्रीक शब्दाचा रोख आणखी वेगळा आहे: गुलामाला किंवा लढाईत धरलेल्या कैद्याला सोडवून आणण्यासाठी मोजलेली किंमत. म्हणजे तिथे नजर देणाऱ्यावर आणि सुटणाऱ्यावर आहे. मराठीत येता येता ती घेणाऱ्यावर गेली. मला तर हा भाषेचा अपघात लाभाचाच वाटतो. त्यामुळे चौथीतल्या मुलाला जो प्रश्न पडला, तो आम्हा जाणत्यांना पडायचा बंद झाला होता.

धर्मपंडितांनी मात्र या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं खाजवलंय. खंडणी द्यायची तर ती घेणारा कोण? तिसऱ्या शतकात ओरिजेन म्हणाला, सैतान. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने त्यावर मासेमारीचं रूपक चढवलं: मानवी देह हे आमिष, आत देवपणाचा गळ, सैतानाने आमिष गिळलं आणि फसला. त्याच शतकातला, त्याच कप्पदुकिया प्रांतातला दुसरा ग्रेगरी, नाझियान्झचा, यावर चिडला. दरोडेखोराला देवाने मोबदला द्यायचा, ही कल्पनाच त्याला लाजिरवाणी वाटली. आणि घेणारा पिता म्हणावा, तर ज्याने अब्राहामाच्या हातून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी घेतला नाही, त्याला स्वतःच्या पुत्राच्या रक्ताची गोडी कशी असेल? पुढे १०९८ च्या सुमारास अन्सेल्मने सरंजामी जगाचा हिशेब मांडला: देवाच्या मानाला धक्का लागला, भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देवच माणूस झाला. पुढच्या पिढीत पॅरिसच्या आबेलारने विचारलं, निष्पापाच्या रक्ताची मागणी करणं हे क्रूर नाही का? मग सोळाव्या शतकात कायदा शिकलेल्या कॅल्विनने सगळं प्रकरण कोर्टात नेलं आणि शिक्षेचा हिशेब केला.

यातलं बरोबर कोण, हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण या वादाचा आपल्या रोजच्या सार्वजनिक जगण्याशी थेट संबंध आहे. त्याग, बलिदान, समर्पण हे शब्द आपल्या भाषणांत आणि आदरांजलीच्या फलकांवर इतक्या सढळ हाताने वापरले जातात, की ते देणाऱ्याने दिलं की मागणाऱ्याने उकळलं, हे कुणी विचारत नाही. ख्रिस्ती श्रद्धेच्या ऐन गाभ्यात हा फरक आहे, आणि तो धूसर करण्यात आम्ही ख्रिस्ती लोकही कुणाच्या मागे राहिलेलो नाही.

योहानाचं शुभवर्तमान उघडून पाहा. दहाव्या अध्यायात येशू आपल्या प्राणाबद्दल म्हणतो, "कोणी तो माझ्यापासून घेत नाही, तर मी होऊनच तो देतो." पुढच्याच अध्यायात यहूद्यांच्या धर्मसभेची बैठक भरते आणि प्रमुख याजक कयफा एक अगदी व्यवहारी मुद्दा मांडतो: सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा लोकांसाठी एका माणसाने मरावं, यातच तुमचं हित आहे. दोन्ही वाक्यं एकाच मरणाबद्दल आहेत. वरवर पाहिलं तर दोन्हींचा अर्थही एकच, अनेकांसाठी एकाने मरायचं. फरक फक्त व्याकरणाचा. पहिलं वाक्य प्रथमपुरुषी आहे, दुसरं तृतीयपुरुषी. कयफा ज्याच्या मरणाचं गणित मांडतोय, तो 'एक माणूस' कयफा नाही.

योहान तर म्हणतो की हे बोलताना कयफा नकळत भविष्यवाद करून गेला. म्हणजे त्याच्या तोंडून सत्यच निघालं. म्हणून कुणी कयफाला संत केलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वधस्तंभावरच्या मरणातून तारण झालं असं मानणाऱ्या मंडळीने ते मरण घडवून आणल्याबद्दल कुणाचं कौतुक केलं नाही. येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात, त्याचं नाव तर आम्ही दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत घेतो, ते दुःख कुणाच्या अमलात झालं हे सांगायला.

याचं विसाव्या शतकातलं उदाहरण म्हणून माक्सिमिलियन कोल्बे यांचं नाव नेहमी घेतलं जातं. मीही घेतो, फक्त जरा सावकाश. कोल्बे पोलंडचे, फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू. १९२७ साली त्यांनी वॉर्साजवळ निएपोकालानुव नावाचा मठ उभारला. तिथून मासिकं, वर्तमानपत्रं निघत. १९३० पासून काही वर्षं ते जपानमध्ये नागासाकीला होते, मध्ये १९३२ साली आपल्याकडे मलबारलाही येऊन गेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये नाझींनी त्यांना पकडलं आणि मेअखेरीस ऑशविट्झच्या छळछावणीत पाठवलं. कैदी क्रमांक १६६७०.

जुलैच्या अखेरीस त्यांच्या बराकीतला एक कैदी पळाला. एकाच्या बदल्यात दहा, असा छावणीचा हिशेब. उपप्रमुख कार्ल फ्रिट्झ्श याने रांगेतून दहा जण निवडले. त्यांना अन्नपाण्यावाचून कोठडीत मारायचं होतं. त्यातला एक, फ्रान्सिशेक गायोव्निचेक नावाचा पोलिश सैन्यातला सार्जंट, बायकोमुलांच्या आठवणीने हंबरडा फोडून रडला. तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आले आणि म्हणाले, याच्या जागी मी जातो. तू कोण, असं विचारल्यावर उत्तर दिलं, कॅथलिक धर्मगुरू. फ्रिट्झ्शने अदलाबदल मान्य केली. ब्लॉक ११ च्या तळघरात, १८ क्रमांकाच्या कोठडीत दोन आठवड्यांनी चार जण जिवंत उरले होते, त्यांत कोल्बे होते. कोठडी रिकामी हवी होती, म्हणून १४ ऑगस्ट १९४१ रोजी कार्बोलिक ॲसिडची सुई टोचून त्यांना संपवलं. कोल्बेंचं वय ४७.

प्रवचनात ही गोष्ट इथे संपते. खरं म्हणजे ती इथे संपू नये.

एक तर, कोल्बेंनी मोजलेल्या किमतीने फ्रिट्झ्शच्या हिशेबात काही बदल झाला नाही. त्याला दहा हवे होते, त्याला दहाच मिळाले. कोल्बेंनी 'दहा मरायलाच हवेत' हे मान्य केलं असं नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, दहामधला एक आपण होणं, आणि तेवढी त्यांनी केली. खंडणी मागणारा फ्रिट्झ्श होता, देव नव्हे. 'देवाच्या योजनेत' म्हणून आपण घाईघाईने सगळं एकत्र बांधतो, तेव्हा फ्रिट्झ्शलाही त्या गाठोड्यात जागा मिळते.

दुसरं, ज्याच्यासाठी हे झालं त्या गायोव्निचेकचं काय? तो वाचला. युद्ध संपल्यावर घरी गेला. बायको भेटली, पण ज्यांच्या नावाने तो रडला होता ते दोन्ही मुलगे १९४५ च्या जानेवारीत बॉम्बहल्ल्यात मरण पावले होते. आपल्यामुळे दुसरा मेला, ही टोचणी त्याला बराच काळ राहिली, असं तो स्वतः सांगायचा. पुढे तो १९९५ पर्यंत जगला, ९३ वर्षांचा होऊन. व्यापारी हिशेबाने पाहिलं तर कोल्बेंचा सौदा फसलाच म्हणायचा: मुलांसाठी बाप वाचवला आणि मुलंच गेली. ज्यांना तारण म्हणजे देवघेवीचा व्यवहार वाटतो, त्यांनी या माणसाच्या उरलेल्या पन्नासएक वर्षांकडे जरूर पाहावं. मिळालेलं आयुष्य ना त्याने कमावलेलं होतं, ना ते फेडता येण्यासारखं होतं. कृपा हा शब्द आम्ही उठताबसता वापरतो. तो अंगावर असा जड पडत असेल, हे सहसा आमच्या मनात येत नाही.

आणि तिसरं, कोल्बे निष्कलंक नव्हते. त्यांच्या संस्थेच्या वर्तमानपत्रांतून ज्यूविरोधी मजकूर छापला जात होता. पुढे त्याच मठाने युद्धातल्या निर्वासितांना आसरा दिला, त्यांत ज्यूही होते; दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ऑशविट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यांतली जवळपास १० लाख ज्यू होती. त्या छावणीबद्दल बोलताना एका ख्रिस्ती संताची गोष्ट सांगून हात झटकायची सोय आपल्याला नाही.

कोल्बेंना काय म्हणायचं, यावर खुद्द चर्चमध्ये अडखळ झाली. रक्तसाक्षी कोण, तर ज्याला श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलं तो, अशी जुनी व्याख्या. कोल्बेंना त्यासाठी निवडलं गेलं नव्हतं, ते स्वतःहून गेले. १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, पण रक्तसाक्षी म्हणून नाही. १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सल्लागारांचं मत बाजूला ठेवून त्यांना रक्तसाक्षी म्हणून संतपद दिलं. आणि २०१७ च्या जुलैत पोप फ्रान्सिस यांनी संतपदाच्या प्रक्रियेत एक नवीनच वाट काढली: प्रीतीपोटी केलेलं जीवनार्पण. तिची पहिली अट अशी, की ते अर्पण मुक्त आणि ऐच्छिक असलं पाहिजे. दोन हजार वर्षं त्यागाचा महिमा गाणाऱ्या संस्थेलाही नियम लिहायची वेळ आली तेव्हा सर्वांत वर 'ऐच्छिक' हा शब्द लिहावा लागला.

आता आपल्याकडे वळू. २०२० च्या ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी देशभरच्या रुग्णालयांवर फुलं उधळली. ज्यांच्यावर उधळली त्या परिचारिकांना आपण 'सिस्टर' म्हणतो. हा शब्द ख्रिस्ती जोगिणींच्या मठांतून आला आणि येताना व्रताचा भाव घेऊन आला. व्रत घेतलेल्या बाईला पगार विचारायचा नसतो. म्हणून कंत्राटावरची परिचारिका थकलेल्या वेतनासाठी आंदोलनाला बसली, की लोकांना ते सेवेला न शोभणारं वाटतं. तिने त्यागाची भाषा स्वतः केली असती, तर ती पूज्य ठरली असती. पण ती भाषा तिच्या वतीने आपण केली, टाळ्या वाजवून, आपापल्या गॅलरीतून.

गटारात उतरणाऱ्या माणसाचं तर आणखी उघड आहे. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं उतरतात आणि गुदमरून मरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. मेल्यानंतर कुणी त्यांना 'स्वच्छतेसाठी शहीद' म्हटलं, की माझ्या कानात कयफाचं वाक्य वाजतं. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांच्या 'त्यागाचा' उल्लेख भाषणांत अजून आदराने होतो. जमिनीसाठी आणि पुनर्वसनासाठी त्यांच्या मुलानातवंडांना आंदोलनं करावी लागली, ती याच आदराच्या सावलीत. राज्याला वीज मिळाली हे खरं. लोकांसाठी एकाने मरावं हे कयफाचं गणितही तसं चुकलेलं नव्हतंच.

आणि घरात? आमच्याच मंडळ्यांमध्ये मार खाऊन आलेल्या बाईला 'आपला वधस्तंभ उचल, बहिणी' असा सल्ला दिलेला मी ऐकलाय. सांगणारा मनाने दुष्ट नव्हता, त्याने तिच्यासाठी प्रार्थनाही केली. १९८० च्या दशकात काही स्त्रीवादी धर्मअभ्यासकांनी आरोप केला, की बाप मुलाचा बळी घेतो आणि त्याला प्रीती म्हणतो, या शिकवणीनेच बायकांना छळ सोसायला शिकवलं. तो आरोप मला पूर्ण पटत नाही. 'मी होऊनच तो देतो' हे वाक्य त्यात हरवतं. पण ते आधी हरवलं आमच्याच प्रवचनांत.

इथे कुणीही शास्त्र जाणणारा मला अडवेल: अहो, येशूने स्वतःच सांगितलंय ना, दररोज वधस्तंभ उचलून माझ्यामागे या म्हणून? सांगितलंय. पण त्या वाक्याच्या आधी 'माझ्यामागे यायचं असेल तर' आहे, आणि सांगणारा पुढे चालतोय. शुभवर्तमानांत प्रत्यक्ष वधस्तंभ दुसऱ्याच्या खांद्यावर दिल्याचा प्रसंग एकच आहे. कुरेने गावचा शिमोन रस्त्याने जात होता, शिपायांनी त्याला धरून ओझं वाहायला लावलं. मराठी बायबल तिथे त्याग म्हणत नाही, सेवा म्हणत नाही. शिमोनाला 'वेठीस धरले' असं म्हणतं. वेठबिगारीतली वेठ. अनुवादकांना शब्द बरोबर सापडला होता.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे. ऐच्छिक म्हणजे नेमकं काय? आई उपाशी राहून पोराला भाकरी देते ती स्वतःहून, की तिला लहानपणापासून तेच शिकवलं म्हणून? सैनिक, अग्निशमन दलाचा जवान, ते तर कर्तव्यच करतात. हे धागे स्वच्छ वेगळे करता येत नाहीत, हे मी मान्य करतो. मला निदान कामापुरतं एवढं कळतं: त्या माणसाला नाही म्हणता येत होतं का, आणि नाही म्हटलं असतं तर त्याला कुणी बोल लावला असता का? कोल्बे रांगेत गप्प उभे राहिले असते, तर कुणीही त्यांना भित्रे म्हटलं नसतं. उरलेले सगळे तसेच उभे होते. आगीत शिरणाऱ्या जवानाला पगार आहे, साधनं आहेत, वरिष्ठ त्याच्याबरोबर शिडीवर असतो. गटारात उतरणाऱ्याला नाही म्हणायची सोय फक्त उपाशी राहण्याच्या किमतीवर आहे. आईच्या बाबतीत मला सरळ उत्तर देता येत नाही. पण ज्या घरात बाप कधीच उपाशी राहत नाही, त्या घरातल्या आईच्या त्यागावर कविता करू नये इतपत समजतं.

पंडिता रमाबाईंना हे आमच्याही आधी लख्ख दिसलं होतं. त्या स्वतः विधवा होत्या, आणि विधवेचं उपासतापासांनी सुकलेलं आयुष्य त्या काळी वैराग्य म्हणून वाखाणलं जायचं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनमध्ये त्यांनी ख्रिस्ती जोगिणींच्या भगिनी-मंडळाचं काम पाहिलं होतं, 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना पुन्हा उभं करण्याचं, आणि त्याने त्या हलून गेल्या होत्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलीबायका आणून त्यांनी केडगावला जे उभारलं, त्याचं नाव मुक्ती. तिथे आधी पोटाला अन्न मिळायचं, मग अक्षरओळख, मग हातमाग, छापखाना. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. ज्यांच्याकडून जन्मभर खंडणी वसूल झाली होती, त्यांच्या हातात खंडणीच्या त्या वचनाची अक्षरं होती. रमाबाई स्वतः झिजल्या, पण आश्रमातल्या पोरींना झिजायला शिकवणं हे त्यांनी काम मानलं नाही. शिकवायचं ते जगायला.

दोनेक वर्षांमागे उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेत मला पाचवा उद्गार वाटून आला होता. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि पाचवा कुणालाच नको असतो. 'मला तहान लागली आहे.' त्यात क्षमा नाही, सुखलोकाचं वचन नाही. लोक ओढूनताणून त्याला आत्म्यांची तहान वगैरे करतात. मी तसं केलं नाही. म्हटलं, जो होऊन आपला प्राण देत होता, तोसुद्धा पाणी मागत होता. मारणाऱ्या शिपायांसमोर मागत होता, आणि त्यांनी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज तोंडाशी धरला तर ती आंब त्याने घेतली. त्यागी माणसाने काही मागू नये, असं त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

पाच-सात मिनिटांत बोलून मी खाली बसलो. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आणि तीन वाजेपर्यंत उपास. सहाव्या उद्गाराचे वक्ते माइक नीट करत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक आजी उठल्या, पदर सावरत व्हरांड्यातल्या माठापाशी गेल्या, आणि भर उपासनेत तांब्याभर पाणी प्यायल्या. मग परत येऊन आपल्या जागी बसल्या.